सांगलीचं पुरणयंत्र

(दृश्य: तळघराच्या जिन्यावरून उतरणारे पाय. अंधार. आडव्या फ्रीजरचं झाकण उघडतं. मोबाइलच्या उजेडात थंड वाफ.)

या फ्रीजरला आत दिवा नाही. गावाचं नाव मात्र एडिसन. न्यू जर्सीतल्या याच गावच्या हद्दीत, मेन्लो पार्कला, १८७९ मध्ये थॉमस एडिसनचा दिवा पेटला. पुढे १९५४ मध्ये गावाने त्याचंच नाव घेतलं. तिथल्या एका तळघरात सांगलीची एक आई मोबाइलच्या उजेडात पिशव्या मोजते आहे.

(आईचा आवाज: "...एकवीस, बावीस. अगं, अर्धा रिकामाच आहे अजून.")

लेक बाळंत झाली त्याला चार महिने झाले. आईचं परतीचं विमान नऊ दिवसांवर आलंय.

(दृश्य: ओक ट्री रोड. साड्यांची दुकानं, सराफ, चाटच्या गाड्यांसारखी सजवलेली हॉटेलं. किराणा दुकानात ढकलगाडी.)

ओक ट्री रोड हा एडिसनमधून शेजारच्या आयझलिनमध्ये जाणारा रस्ता. इथे कढीपत्ता मिळतो, कोल्हापुरी गूळ मिळतो, पूजेची सुपारीही मिळते. आईची यादी औषधाच्या पाकिटाच्या पाठीमागे लिहिलेली आहे. हरभरा डाळ, गूळ, मटकी, बेसन, अळू, मेथी. मापं सगळी किलोत. दुकानात पाऊंड. पाऊंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम, अर्ध्या किलोला छटाकभर कमी. पहिल्या महिन्यात ती मोबाइलवर हिशेब करायची. आता पिशवी हातात तोलून सांगते.

(दृश्य: अळूच्या जुड्या. आई एक उचलते, देठ बघते, परत ठेवते. दुसरी. तिसरी.)

वडीचा अळू काळ्या देठाचा हवा. हिरव्या देठाचा भाजीला. दुकानातल्या मुलाला हा फरक ठाऊक नाही, आणि आईला इंग्रजीत तो सांगता येत नाही. तिने सगळी टोपली उलटी करून तीन जुड्या काढल्या. आम्ही अकरा मिनिटं चित्रण केलं, तुम्हाला अर्धं मिनिट दाखवतोय.

(दृश्य: काचेच्या दारांची लांब रांग. आत पराठे, सामोसे, पुरणपोळ्यांची पाकिटं. आई एक पाकीट उलटं करून वाचते.)

"हे कधीचं?"

पाकिटावरची तारीख तिने वाचली आणि पाकीट होतं तिथे गेलं. पण दोनच पावलं पुढे, त्याच रांगेतून, खोवलेल्या नारळाची सहा पाकिटं तिने गाडीत टाकली. त्यांच्या तारखा पाहिल्या नाहीत. नारळ म्हणजे साहित्य, पोळी म्हणजे स्वयंपाक. साहित्य साठवायचं असतं, स्वयंपाक ताजा करायचा असतो. चाळीस वर्षं हा नियम तिने पाळलाय. सांगलीच्या घरात रात्रीचा भात सकाळी फोडणीचा व्हायचा, तो खायची मात्र ती एकटीच. बाकीच्यांना गरम.

"शिळं" हा शब्द आपण वासावरून ठरवत नाही, घड्याळावरून ठरवतो. आणि घड्याळ कोणाच्या मनगटाला बांधलेलं असतं, ते वेगळं सांगायला नको.

(दृश्य: स्वयंपाकघर. विजेची शेगडी. सूटकेसमधून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुरणयंत्र निघतं.)

हे पुरणयंत्र सांगलीहून आलंय, लोणच्याच्या बरण्या आणि डिंकाच्या लाडवांच्या डब्यांच्या मधोमध बसून. इथे मिक्सर आहे, आणखी दोन यंत्रं आहेत, पण मिक्सरमध्ये पुरण चिकट होतं असं तिचं ठाम मत. आम्ही वाद घातला नाही.

हरभरा डाळ चार वाट्या. बोटाने दाबली की मोडेल इतपत शिजवायची, मग चाळणीवर उपसायची. खाली पडतो तो कट. कट फेकायचा नाही, त्याची आमटी. डाळ पातेल्यात, तितकाच गूळ, मंद आच. गूळ विरघळला की पुरण आधी पातळ होतं. नवख्याला वाटतं, बिघडलं. मग ते हळूहळू आळतं, कडेने सुटायला लागतं.

(दृश्य: आई डाव पुरणात उभा करते. हात सोडते. डाव उभाच.)

झालं. थर्मामीटर नाही, घड्याळ नाही. यापेक्षा सैल असेल तर फ्रीजरमधून काढल्यावर पाणी सोडेल, आणि पोळी लाटताना फाटेल.

(दृश्य: कटाच्या आमटीची फोडणी. मोहरी, हिंग, कढीपत्ता. धूर. छतावरचा भोंगा किंचाळतो. जावई टॉवेल घेऊन धावतो. बाळ रडतं. आई हसते.)

(या दृश्यावर निवेदन नाही. २२ सेकंद.)

(दृश्य: ओट्यावर पसरट ताटं. पुरण, मटकीची उसळ, वाटण, सगळं पातळ थरात पसरलेलं.)

आता थांबायचं. गरम पातेलं तसंच फ्रीजरमध्ये ढकललं, तर आतलं बाकीचं गोठलेलं अन्न मऊ पडतं. आणि ओट्यावर तासन्‌तास ठेवलं, तर कोमट अन्नात जंतू फोफावतात. म्हणून ताटात पसरायचं, लवकर निववायचं, दोन तासांच्या आत आत जायला हवं. थंडीने जंतू मरत नाहीत, फक्त झोपतात. जे आत गेलं, तेच बाहेर येणार. हे लेकीने सांगितलं. आईने ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे सोवळ्यातच भरायचं की."

(दृश्य: मोड आलेली मटकी, जवळून.)

मटकी तिने कणी राखून शिजवलीय. गोठताना दाण्यातल्या पाण्याचा बर्फ होतो. घरचा फ्रीजर सावकाश गोठवतो, त्यामुळे बर्फाचे स्फटिक मोठे होतात आणि दाण्याच्या भिंती फोडतात. वितळल्यावर दाणा आपोआप मऊ पडतो. पूर्ण शिजवलेली उसळ बाहेर आली की तिचं पिठलं होतं. पहिल्याच महिन्यात एकदा झालं होतं. बटाट्याचा रस्साही तेव्हाच गेला. बटाटा रवाळ झाला, पाणी वेगळं, फोड वेगळी. तेव्हापासून रश्शाची तयारी म्हणून फक्त कांदा-खोबऱ्याचं वाटण गोठतं, बटाटा आयत्या वेळी. कढीचा तर विषयच नको.

(दृश्य: अळूची पानं पालथी घालून त्यांवर बेसन लावणारे हात. पानावर पान. दोन्ही कडा आत. घट्ट गुंडाळी.)

सगळ्यात मोठं पान खाली, शिरांची बाजू वर. बेसनात चिंच आणि गूळ. चिंच चवीसाठी आहेच, पण अळूच्या खाजेवरही तोच उतारा. उंडे वीस मिनिटं वाफवायचे, निववायचे आणि न कापता, न तळता, अख्खे गोठवायचे. तळलेली वडी गोठवली की ती वडी राहत नाही.

(दृश्य: पिशव्या. आई तळहाताने हवा बाहेर काढते, पुस्तकासारख्या सपाट करते.)

हवा राहिली की वरचा भाग कोरडा पडतो, पांढरे डाग धरतो. सपाट पिशवी लवकर गोठते, लवकर वितळते, आणि फायलींसारखी उभी लावता येते. या फ्रीजरमध्ये सुमारे दोनशे लिटर जागा आहे, तापमान उणे १८. आईने ती जागा सांगलीच्या फडताळासारखी लावलीय. रोजचं वर, सणाचं तळाला.

(दृश्य: कागदी चिकटपट्टीवर बॉलपेनने लिहिलेली अक्षरं, एकामागून एक.)

"पुरण, ८ पोळ्या."
"कटाची आमटी. पाणी घाला."
"मटकी. मीठ कमी आहे."
"अर्ध्या भाजल्या पोळ्या. कागद काढा." हे जावयासाठी.
"उष्टावणाचं पुरण. पाहुण्यांना. बाळाला गूळ देऊ नये."

तारीख एकाही पिशवीवर नाही. लेकीने नंतर, आई झोपल्यावर, सगळ्यांवर घातली.

(दृश्य: लेक लॅपटॉप उघडते. मांडीवर बाळ.)

लेकीचं ऑफिस केव्हाच सुरू झालंय. अमेरिकेच्या १९९३ च्या केंद्रीय कायद्याने १२ आठवड्यांची रजा मिळते, तीही बिनपगारी, आणि लहान कंपन्यांत तेवढीही सक्ती नाही. भारतात २०१७ पासून २६ आठवडे, पगारी. व्हिसावर आईला एका खेपेला मुक्काम मिळतो तो सहसा सहा महिन्यांचा. तेवढा काळ सांगलीत वडील डब्यावर आहेत. आईचं उजवं मनगट सुजलंय.

(दृश्य: मनगटाला पट्टा बांधून आई दुसऱ्या दिवशीची डाळ निवडते.)

(दृश्य: फ्रीजर, वरून. काठोकाठ. झाकण बसत नाही. आई झाकणावर बसते.)

छपन्न पिशव्या.

(दृश्य: विमानतळाकडे जाणारी गाडी, मागून. आवाज नाही. ४० सेकंद.)

(दृश्य: तेच स्वयंपाकघर, संध्याकाळ. मोबाइल मिठाच्या बरणीला टेकवलेला. पडद्यावर आई, तिच्यामागे सांगलीची पहाट. पाटावर अळूचा उंडा.)

इथे रात्रीचे साडेआठ, तिथे सकाळचे सहा. उंडा फ्रीजरमधून काढून तास झालाय.

"दाबून बघ. कडक आहे का आत?"
"थोडा आहे."
"मग आत्ताच काप. सगळा सुटला की पानं सरकतात."

(दृश्य: सुरी. पहिली वडी पडते. आत पानांची गोल गोल रेघ, न तुटलेली.)

"पातळ काप अजून. तुझ्या बाबांना जाड लागतात, तुला नाही."

(दृश्य: तेलाचा आवाज. लेक छताकडे बघते, टॉवेल हातात घेते.)