व्हीलचेअरऐवजी इंग्रजी

[हॉल. खुर्च्यांच्या रांगा.]

तीन खुर्च्या इकडे, तीन तिकडे, मधे हातभर वाट. इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या या घरात सोफा भिंतीला सरकवला की विमान तयार होतं. चाकांची भाजीची पिशवी ओढत येताहेत त्या आजच्या एअर होस्टेस. वय ७१.

"वॉटर ऑर ज्यूस?"

पहिल्या रांगेतल्या काकू म्हणतात, "चालेल."

वर्ग घेणाऱ्या ताई थांबवतात. "काय चालेल ते सांगा ना काकू. 'वॉटर, प्लीज.' एवढंच. पूर्ण वाक्य करत बसायचं नाही."

परदेशी मुलांकडे जाणाऱ्यांसाठी हा विमानप्रवासाच्या इंग्रजीचा वर्ग. व्याकरण इथे शिकवत नाहीत. काळ, कर्ता, कर्म, काही नाही. विमानतळावर जे कानावर पडतं ते ओळखायचं आणि दोन-तीन शब्दांत उत्तर द्यायचं.

[विमानतळाची दर्शनी बाजू. मागे बिजासन टेकडी.]

हा देवी अहिल्याबाई होळकर विमानतळ. २०१९ च्या जुलैत इथून दुबईला पहिलं आंतरराष्ट्रीय विमान उडालं. अमेरिका-कॅनडाला जायचं तर आधी मुंबई नाहीतर दिल्ली गाठायची. शेजारीच बिजासन मातेची टेकडी. नवरात्रात वर्गातल्या बहुतेक जणी ही टेकडी पायी चढतात. आणि परदेशाचं तिकीट निघतं तेव्हा मुलगा तिकडूनच आईच्या नावापुढे व्हीलचेअर टाकून ठेवतो. गुडघे ठणठणीत आहेत. धास्ती इंग्रजीची आहे. खुर्ची ढकलणारा माणूस कागद दाखवतो, बोलतो, दारापर्यंत नेतो. आपण तोंड उघडायला नको.

ज्यांना खरंच चालता येत नाही, ते त्याच खुर्चीची वाट बघत ताटकळतात.

[फळा. सहा अक्षरं.]

पहिला पाठ तिकिटावरच्या पीएनआरचा, म्हणजे बुकिंगच्या क्रमांकाचा. सहा अक्षर-आकडे, फोनवर सांगायचे. "बी" म्हटलं की समोरच्याला "डी" ऐकू येतं, "एम"चं "एन" होतं. वैमानिकांनी यावर कधीच तोडगा काढलाय: अल्फा, ब्राव्हो, चार्ली, डेल्टा. १९५६ पासून जगभर हीच बाराखडी चालते. वर्गाला ती पाठ झाली नाही, आणि ताईंनी आग्रहही धरला नाही. "डी फॉर दिल्ली, एम फॉर मुंबई" कुणालाही कळतं. एका मावशींनी "आय फॉर इंदौर" सुरू केलं, तेही ठेवलं.

मग विमानतळांची अक्षरं. इंदूर आयडीआर, मुंबई बीओएम, न्यूयॉर्कचं केनेडी जेएफके. काउंटरवर बॅगेला पट्टी चिकटवतात, तिच्यावर ठळक अक्षरात बॅग कुठवर जाणार ते असतं. ते बघायचं आणि विचारायचं, "इज माय बॅग चेक्ड थ्रू?" म्हणजे बॅग थेट शेवटपर्यंत जाणार, की मुंबईला उतरवून घ्यायची? हे वाक्य वर्गानं इतक्यांदा म्हटलंय की शेजारच्या फ्लॅटमधल्या मुलालाही येतं. "हो" असं उत्तर आलं तरी अमेरिकेत पहिल्या विमानतळावर बहुतेक वेळा बॅग स्वतः उचलून कस्टम्समधून न्यावी लागते आणि पुढच्या विमानासाठी पुन्हा द्यावी लागते. हे कळलं तेव्हा वर्गात बराच वेळ गलका होता.

[वजनकाटा. हुकाला लटकलेली बॅग.]

आता हा काटा बघा. देशातल्या बहुतेक विमानांत १५ किलो सामान चालतं. अमेरिकेच्या तिकिटावर बहुधा २३-२३ किलोच्या दोन बॅगा मिळतात. पण इंदूर-मुंबईचं तिकीट वेगळं काढलं असेल तर इंदूरच्या काउंटरवर १५ किलोचाच हिशेब लागतो, आणि मग "एक्सेस बॅगेज" हा शब्द ऐकायला मिळतो. काटा १८ दाखवतोय. लौंग सेवचे, म्हणजे लवंगेच्या शेवेचे, पुडे बाहेर निघताहेत. मेतकूट निघत नाही.

वर्गातल्या दुबईला जाणाऱ्या एका मावशींच्या डब्यात अनारसे होते. अनारशावर खसखस असते आणि अमिरातीत खसखशीला बंदी आहे, मग ती डब्यात असो की मसाल्याच्या पुडीत. डबा घरीच राहिला. वर्गानं तो तिथल्या तिथे संपवला, तेही चित्रित झालंय.

[टेबल. पलीकडे अधिकारी झालेले एक आजोबा.]

पासपोर्ट तपासतात तिथे, म्हणजे इमिग्रेशनला, कॅमेरा चालत नाही, म्हणून ती परीक्षा इथे, बॅगेच्या प्रश्नांसकट. आजोबा सेवानिवृत्त आहेत आणि चेहरा मुळातच कडक आहे.

"डिड यू पॅक युअर बॅग युअरसेल्फ?"

बॅग सूनबाईंनी भरली होती. काकू प्रामाणिकपणे तसं मराठीत सांगू लागतात. इथे ताई नुसतं उत्तर शिकवून थांबत नाहीत: बॅग खरंच स्वतः भरा, मग "येस" म्हणा. शेजारणीनं भाच्यासाठी दिलेला, शिवून बंद केलेला डबा घेऊ नका. "एनिवन गेव्ह यू एनिथिंग टू कॅरी?" हा प्रश्न येतो, तेव्हा भीड उपयोगाची नाही.

"पर्पज ऑफ व्हिजिट?"

"वर्क," काकू म्हणतात. मुलीचं बाळंतपण आहे. त्यांच्या लेखी ते कामच.

आजोबाही हसू आवरू शकत नाहीत. पण पाहुण्यांच्या व्हिसावर काम करता येत नाही, आणि हा एक शब्द पुढच्या दहा प्रश्नांना आमंत्रण आहे. "व्हिजिटिंग माय डॉटर." पुन्हा. "व्हिजिटिंग माय डॉटर." "हाऊ लाँग?" "थ्री मंथ्स." परतीचं तिकीट पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवा, आत रुमालाखाली नको.

आणि काही कळलं नाही तर मान डोलवायची नाही. आम्हाला विचाराल तर सगळ्या वर्गातला सर्वांत मोलाचा पाठ हाच. "सॉरी, स्लोली प्लीज." हे म्हणायला काकूंना सगळ्यात जड गेलं. "ते काय बोलून राहिलेत ते कळलं नाही असं सांगायची लाज वाटते हो," त्या म्हणतात.

[मोबाईलचा पडदा. तिकिटाचं पान.]

एक सोय फारशी कुणी मागत नाही. व्हीलचेअर न घेताही बऱ्याच विमान कंपन्यांकडे सोबतीला माणूस मागता येतो: "मीट अँड असिस्ट". तिकीट काढतानाच सांगून ठेवायचं. वर्गातल्या दोघींनी यंदा तेच मागितलं. दोघी नीट पोचल्या.

[पुन्हा हॉल. थाळ्या.]

आजचा पाठ जेवणाचा आहे आणि वाद रंगलाय. "हिंदू मील" या नावावर सगळ्या खूश होत्या. पण विमान कंपन्यांच्या यादीत हिंदू मील म्हणजे गोमांस नसलेलं जेवण. कोंबडी-मटण त्यात असू शकतं. शाकाहारी हवं तर "एशियन व्हेजिटेरियन" मागायचं, तेही उड्डाणाच्या निदान एक दिवस आधी.

"आणि चतुर्थी असली तर?" मागच्या रांगेतून प्रश्न येतो.

"फ्रूट प्लॅटर," ताई म्हणतात.

"चंद्र कुठला धरायचा मग, इंदूरचा की तिकडचा?"

ताईंनी याचं इंग्रजी तयार केलेलं नाही.