राजधानीतला संपादक

(सिव्हिल लाइन्स, डिसेंबर. विधानभवनाबाहेर बंदोबस्त.)

डिसेंबर आला की नागपुरात बॅरिकेड लागतात, मोर्चे निघतात, आमदार निवासात पाय ठेवायला जागा उरत नाही. विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाचे हे थोडे दिवस नागपूर राजधानीच्या थाटात वावरतं. 1956 पर्यंत ते खरोखरच जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं. आणि संयुक्त महाराष्ट्राच्या ज्या मागणीपायी पुढे तो मान गेला, ती साहित्याच्या व्यासपीठावरून गाजवणाऱ्यांत नागपूरचाच एक संपादक पुढे होता. गजानन त्र्यंबक माडखोलकर.

नागपूरचे म्हणायचे, पण जन्म मुंबईचा आणि लेखणी घडली पुण्यात. तिथे 'ज्ञानप्रकाश' दैनिकात नोकरी, रविकिरण मंडळातल्या कवींची संगत. 1921 मध्ये, विशीच्या उंबरठ्यावर, 'आधुनिक कविपंचक' हे समीक्षेचं पुस्तक त्यांनी लिहिलं. त्या वयात माणसं कविता लिहितात. हे कवींना तपासत होते.

1924 मध्ये ते नागपूरला आले, गोपाळराव ओगले यांच्या 'महाराष्ट्र' पत्रात. तिथे वीस वर्षं गेली. मग 1944 मध्ये 'तरुण भारत'चं संपादकपद आलं, ते 1967 पर्यंत. मधल्या काळात 'मुक्तात्मा', 'भंगलेले देऊळ' अशा कादंबऱ्यांनी त्यांना घरोघरी पोचवलं. राजकारण आणि प्रेम एकाच पानावर आणणारा हा लेखक तरुणांनी उचलून धरला. आज मात्र त्या कादंबऱ्यांतली संस्कृतप्रचुर, अलंकारांनी लगडलेली भाषा दमवते, हे कबूल करायला हवं.

(जुन्या छापखान्याची दृश्यं.)

मे 1946. बेळगावचं साहित्य संमेलन, अध्यक्ष माडखोलकर. संयुक्त महाराष्ट्राचा ठराव तिथे मंजूर झाला आणि चळवळीला धार आली. पण विदर्भात परतल्यावर हवा निराळी होती. लोकनायक बापूजी अणे आणि ब्रिजलाल बियाणी ही वजनदार माणसं वेगळ्या विदर्भाच्या बाजूची. 1955 मध्ये राज्य पुनर्रचना आयोगानेही विदर्भाचं वेगळं राज्य सुचवलं. म्हणजे माडखोलकर ज्या वाचकांसाठी रोज अग्रलेख लिहीत होते, त्यांतल्या कित्येकांना त्यांचं हे म्हणणं पटणारं नव्हतं. पुण्यामुंबईत बसून संयुक्त महाराष्ट्र मागणं त्या मानाने सोपं होतं.

शेवट तर विचित्रच झाला. ज्या बेळगावात ठराव झाला, ते 1956 मध्ये म्हैसूर राज्यात गेलं. ठरावाच्या अध्यक्षांचं नागपूर मुंबई राज्यात आलं, आणि राजधानीचा मान गमावून बसलं. 1 मे 1960 ला महाराष्ट्र झाला तेव्हा माडखोलकर संपादकाच्या खुर्चीतच होते.

त्याआधी एक घाव बसून गेला होता. 30 जानेवारी 1948 ला गांधीजींचा खून झाला. मारेकरी ब्राह्मण, म्हणून ठिकठिकाणी ब्राह्मणांच्या घरांवर जमाव चालून गेले. नागपुरात माडखोलकरांचं घर जळालं. लिहिणाऱ्याचं घर जळतं तेव्हा कपड्याभांड्यांबरोबर आणखी काय काय जात असेल, ते सांगायला नको. दुसऱ्यांवर गुदरलेलं रोज छापणारा संपादक स्वतःच बातमीचा विषय झाला, आणि 1949 मध्ये 'एका निर्वासिताची कहाणी' हे पुस्तक आलं.

आत्मपर लिहिण्याची त्यांना सवय होतीच. 'दोन तपे' त्याआधी, 1946 मध्ये येऊन गेलं होतं. पण एक आपल्या लेखनाच्या वाटचालीकडे सवडीने मागे वळून पाहणं होतं, दुसरं डोक्यावरचं छप्पर गेल्यानंतरचं. पुढे त्यांनी विष्णुशास्त्री चिपळूणकरांवरही पुस्तक लिहिलं. निबंधकाराबद्दल अग्रलेख लिहिणाऱ्याला ओढ वाटावी, हे साहजिकच.

27 नोव्हेंबर 1976 ला माडखोलकर गेले. त्यांची पुस्तकं आता दुकानात सहजी मिळत नाहीत. एखाद्या जुन्या वाचनालयात कपाट उघडून मिळालंच, तर 'मुक्तात्मा' राहू द्या. आधी 'कहाणी' मागा.