मदतीच्या ताफ्याला पहारा

(दृश्य: इंदूरहून महूकडे जाणारा रस्ता, पहाटे.)

इंदूरपासून महू वीस-पंचवीस किलोमीटर. भारतीय पायदळाचे तरुण अधिकारी इथल्या इन्फन्ट्री स्कूलमध्ये शिकतात आणि त्यांतले काही पुढं निळं हेल्मेट घालून परदेशात संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत जातात. रामबाग, सुदामानगरातल्या आपल्या मराठी घरांना फौजेतली माणसं परकी नाहीत. म्हणून सुदानची ही गोष्ट इंदुरात सांगायची.

(दृश्य: नकाशा. पोर्ट सुदान ते दारफुर.)

जून 2025. जागतिक अन्न कार्यक्रम आणि युनिसेफ यांचे पंधरा ट्रक पोर्ट सुदानहून निघून 1,800 किलोमीटर तुडवत पश्चिम सुदानातल्या दारफुर प्रदेशाच्या उत्तर भागात, अल कोमाला पोचले होते. पुढं वेढ्यात अडकलेलं अल फाशर शहर, उपाशी लेकरं. मार्ग लढणाऱ्या दोन्ही बाजूंना, म्हणजे सुदानी लष्कराला आणि आरएसएफ या निमलष्करी दलाला, आधीच कळवलेला होता. शहरात शिरायच्या परवानगीसाठी ताफा थांबला असताना त्याच्यावर हल्ला झाला. पाच माणसं मेली, अन्नाचे ट्रक जळाले.

याच दारफुरमध्ये संयुक्त राष्ट्रं आणि आफ्रिकी संघ यांची मोठी शांतिसेना होती. 31 डिसेंबर 2020 रोजी तिचं काम संपवण्यात आलं. एप्रिल 2023 मध्ये युद्ध पेटलं. आता मागणी होते आहे, की मदतीच्या रक्षणासाठी पुन्हा शांतिसैनिक पाठवा. मागणी रास्तच आहे. पण ती करणाऱ्यानं युगोस्लाव्हिया फुटताना युद्धात होरपळलेला बोस्निया विसरू नये.

(दृश्य: बोस्नियाची राजधानी सारायेव्होची जुनी छायाचित्रं.)

1992 मध्ये युगोस्लाव्हियातल्या शांतिसेनेचे पहिले सेनापती होते लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार, मराठा लाइट इन्फन्ट्रीचे अधिकारी. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सुरक्षा परिषदेनं ठराव 776 करून या सेनेचं काम वाढवलं: बोस्नियात जाणाऱ्या मदतीच्या ताफ्यांना संरक्षण द्यायचं. कागदावर चांगलं होतं. रस्त्यावर मात्र प्रत्येक नाक्यावर बंदूकधाऱ्यांची मनधरणी करावी लागे. जानेवारी 1993 मध्ये सारायेव्होच्या विमानतळावरून शहरात परतताना बोस्नियाचे उपपंतप्रधान हाकिया तुरायलिच यांना संयुक्त राष्ट्रांच्याच चिलखती गाडीत गोळ्या घातल्या गेल्या. गाडी अडवली गेली, मागचं दार उघडलं गेलं आणि सोबतचे सैनिक काही करू शकले नाहीत.

मग बोस्नियातली काही शहरं 'सुरक्षित क्षेत्रं', म्हणजे कुणीही हल्ला करू नये अशी ठिकाणं, म्हणून जाहीर झाली. त्यांच्या रक्षणाला सुमारे 34,000 जादा सैनिक लागतील, असा हिशेब सरचिटणीसांनी मांडला. परिषदेनं मंजूर केले 7,600. जुलै 1995 मध्ये त्यांतलंच स्रेब्रेनित्सा बोस्नियातल्या सर्ब फौजेच्या हाती पडलं. सुमारे आठ हजार पुरुष आणि मुलगे मारले गेले. मला हा आकडा वाचताना आजही संताप येतो, कारण किती सैनिक लागतील ते आधीच सांगितलेलं होतं.

(दृश्य: निळी हेल्मेट, तिरंगा.)

किंमत आपणही मोजली आहे. 9 एप्रिल 2013 रोजी दक्षिण सुदानच्या जोंगलेईमध्ये भारतीय जवान संयुक्त राष्ट्रांच्या ताफ्यासोबत चालले होते. दबा धरून बसलेल्या टोळीनं गोळीबार केला. आपले पाच जवान आणि सात नागरिक ठार झाले.

तेव्हा शांतिसेनेचं काम जरूर वाढवा. पण ट्रक अडवणाऱ्यावर बळ वापरायची परवानगी ठरावातच लिहा, पुरेसे सैनिक द्या, जखमींना उचलायला हेलिकॉप्टर द्या. आणि जे देश ठराव लिहितात, त्यांनी स्वतःची माणसंही पाठवावीत. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत कलम 44 आहे. बळाचा वापर ठरला आणि परिषदेबाहेरच्या देशाकडे सैन्य मागायचं असेल, तर त्या सैन्याच्या वापराबद्दलच्या निर्णयात त्या देशाला सहभागी होऊ द्यावं, असं ते सांगतं. महूत शिकलेला एखादा अधिकारी दारफुरच्या रस्त्यावर उभा करायचा असेल, तर भारतानं आधी या कलमावर बोट ठेवावं आणि हेलिकॉप्टर कुठून येणार ते लिहून घ्यावं.