कोपऱ्यापलीकडचं पाहणाऱ्या गाड्या

मित्रहो, गाडीवर कितीही महागडे सेन्सर बसवा, भिंतीपलीकडचं त्यांना दिसत नाही. ते दाखवायचं तर दुसऱ्या कुणीतरी पाहिलेलं या गाडीपर्यंत वेळेत पोचायला हवं.

जर्मनीत उल्म शहराच्या लेर भागात एका तिठ्यावर हे करून पाहिलं गेलं. बॉश, नोकिया, उल्म विद्यापीठ आणि इतर काही जणांचा ‘मेक-व्ह्यू’ हा प्रकल्प 2020 मध्ये पूर्ण झाला. बाजूच्या रस्त्यावरून येणाऱ्या स्वयंचलित गाडीला मुख्य रस्त्यावर शिरायचंय, पण तिथून कोण येतंय हे आडोशामुळे दिसत नाही. मग दिव्याच्या खांबांवर कॅमेरे आणि लायडार, म्हणजे लेसर किरणांनी अंतर मोजणारे सेन्सर, बसवले. त्यांची माहिती मोबाइल नेटवर्कमधल्या, जवळच ठेवलेल्या एज सर्व्हरकडे जाई. तो सगळं जुळवून रस्त्याचं ताजं चित्र गाडीला पाठवी आणि गाडी योग्य फट हेरून, न थांबता, वाहतुकीत मिसळे.

खांबांप्रमाणे गाड्याही आपण पाहिलेलं सर्व्हरला पाठवू शकतात. आता पाठवायचं काय, ते पाहा. एक जुना, नावाजलेला 64 किरणांचा लायडार सेकंदाला सुमारे 13 लाख बिंदू देतो. बिंदूला 16 बाइट धरले तरी सेकंदाला दोन कोटींहून जास्त बाइट. चौकातल्या प्रत्येक गाडीनं एवढं पाठवलं तर नेटवर्क गुदमरेल. म्हणून गाडी स्वतःच बिंदूंमधून वस्तू ओळखते आणि फक्त यादी पाठवते: हा सायकलस्वार, इथे आहे, इतक्या वेगानं इकडे चाललाय, अंदाजात एवढी चूक असू शकते. 50 वस्तू, प्रत्येकी 40 बाइट, सेकंदाला दहा वेळा: झाले 20 हजार बाइट. हजारपट कमी!

मग यादी दूरच्या क्लाउडवर का नको? अंतरामुळे, असं बरेच जण म्हणतात. पण फायबरमधून प्रकाश एका मिलिसेकंदात सुमारे 200 किलोमीटर जातो. खरा वेळ जातो तो वाटेतल्या उपकरणांत आणि रांगांत, आणि तो दर वेळी वेगळा असतो. ताशी 72 किलोमीटरनं धावणारी गाडी 100 मिलिसेकंदांत दोन मीटर पुढे जाते. माहिती किती शिळी आहे हे कळलं, तर सर्व्हर गाडीची आताची जागा काढू शकतो. म्हणून प्रत्येक नोंदीवर मोजमापाची वेळ हवीच, आणि सगळ्यांची घड्याळं जुळलेली हवीत. जर्मनीतल्या ए-9 महामार्गावर 2015 मध्ये अशाच जवळच्या सर्व्हरमार्फत दोन गाड्यांमधला निरोप 20 मिलिसेकंदांच्या आत पोचवून दाखवला होता.

माझ्या मते खरी कसोटी सर्व्हरच्या आत आहे. एकच सायकलस्वार दोन गाड्यांना दिसला, तर तो एकच आहे हे ओळखायचं. त्याहून अवघड म्हणजे, ‘अ’ गाडीनं ‘ब’कडून ऐकलेलंच स्वतःचं म्हणून पुढे ढकललं, तर सर्व्हरला दोन साक्षीदार मिळाल्यासारखं वाटतं आणि एका चुकीवर दुप्पट विश्वास बसतो. त्यामुळे मूळ कुणी पाहिलं, ही नोंद टिकवावीच लागते.

आणि ‘तिथे कुणी नाही’ व ‘तिथलं मला दिसत नाही’ ही दोन वेगळी उत्तरं आहेत! यादीत नाव नाही म्हणजे रस्ता मोकळा, असं गाडीनं धरलं की घात झालाच. दूरसंचाराची मानकं ठरवणाऱ्या युरोपातल्या ‘एत्सी’ संस्थेच्या सामूहिक संवेदन संदेशात, म्हणजे आपण पाहिलेलं इतरांना कळवण्याच्या ठरलेल्या नमुन्यात, वस्तूंबरोबर सेन्सरच्या टापूचीही माहिती देता येते, ती याचसाठी.

आपल्या चौकांत असे संदेश पाठवणारा रेडिओ नसलेल्या दुचाकी, हातगाड्या, पायी चालणारी माणसं असतात. ती स्वतःहून काहीच सांगणार नाहीत. त्यांना कुणीतरी पाहायलाच हवं. म्हणून मला गाडीतल्या उपकरणाइतकाच खांबावरचा सेन्सर महत्त्वाचा वाटतो. अशी यंत्रणा कुणी दाखवायला आणली, तर सरासरी विलंबावर समाधान मानू नका. गर्दीच्या वेळी, सगळ्यांचे मोबाइल चालू असताना, गाडीत पोचलेली सर्वांत शिळी नोंद किती जुनी होती, हे विचारा. आणि सर्व्हर बंद पडला तर गाडी काय करते, तेही तिथेच करून दाखवायला सांगा.