स्पीकर शोकेसवरून खाली उतरवा

नमस्कार मंडळी! हा आमचा जुळे सोलापूरचा हॉल. खाली गुळगुळीत फरशी, चारी बाजूंना कोऱ्या भिंती. चार वर्षं माझ्या दोन स्पीकरपैकी एक शोकेसवर होता आणि दुसरा फ्रिजच्या डोक्यावर. हसू नका, तुमच्याकडे बघून घ्या आधी. बेस, म्हणजे खालचा जड आवाज, घुमायचा, शब्द कळायचे नाहीत. नवा अ‍ॅम्प्लिफायर घ्यायला निघालो होतो, त्याआधी आईच्या शिलाई मशिनमधला मापाचा टेप काढला.

आता बघा. दोन स्पीकरमध्ये सहा फूट. मी बसतो तिथून प्रत्येक स्पीकर सहा फूट. तिन्ही बाजू सारख्या. आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर धावतो, म्हणजे एक फूट जायला मिलिसेकंदही लागत नाही. पण कान एवढा फरकही पकडतो. एक स्पीकर फूटभर जवळ आला, की गाणारी बाई मधली जागा सोडून तिकडेच जाऊन बसते.

कोपरा मात्र सोडा. दोन भिंती आणि फरशी मिळून बेस फुगवतात, तो तुम्हाला दमदार वाटतो, पण ते नुसतं घुमणं असतं. मी दीड फूट पुढे ओढले, तबल्याचा डग्गा मोकळा झाला. बारीक जाळीमागचा छोटा ट्विटर, म्हणजे वरच्या पट्टीचा आवाज काढणारा भाग, कानाच्या उंचीला हवा. गादीवर बसून ऐकणाऱ्यांनी स्टँड बुटका घ्यावा.

आता कोन. नाकासमोर सरळ ठेवले तर आवाज पसरतो, पण मधली गायिका धूसर होते. थेट कानावर रोखले तर 'स' आणि 'श' टोचतात. मी दोन्ही स्पीकर खांद्यांच्या जरा बाहेर रोखलेत. एका वेळी बोटभरच फिरवा, ऐका, मग पुन्हा फिरवा. घाई केली तर काही कळत नाही.

आवाज भिंतीवर कुठे आदळून कानावर येतो ते बघायला आईला आरसा धरून बाजूच्या भिंतीवर सरकवायला लावलं. मला बसल्या जागेवरून ज्या ठिकाणी आरशात स्पीकर दिसला, तिथे आपली चादर टांगली, दुपदरी, भिंतीपासून चार बोटं सोडून. सोलापुरात चादरीला काय तोटा! वरच्या पट्टीचा चरचरीतपणा ती खाते, बेस मात्र तिला दाद देत नाही.

तरीही आवाज पोकळ आला तर मागच्या लाल-काळ्या वायरी तपासा. माझ्या एका बाजूला उलट्या होत्या, चार वर्षं!

कूलर बंद केलाय, घामाची धार लागलीय. लावतो एक गाणं. आई, जरा मधे बस गं.