फड पेटवण्याआधी

शेतकरी बंधू-भगिनींनो, नमस्कार.

उसाची तोडणी सुरू झाली की कोल्हापूर-सांगलीच्या पट्ट्यात संध्याकाळी फडाफडांतून धूर निघायला लागतो. पाचट, म्हणजे तोडणीनंतर रानात पडलेला उसाचा वाळला पाला, पेटवलं की रान लगेच मोकळं होतं आणि खोडव्याला, म्हणजे तोडलेल्या बुडख्यातून पुन्हा फुटणाऱ्या उसाला, पाणी सोडणं सोपं जातं, हे खरं. पण जळतं काय, ते बघा.

एकरी साधारण ४ टन पाचट निघतं. त्यात अर्धा टक्का नत्र, म्हणजे २० किलो. जवळपास एक गोणी युरियाचा नत्र धुरात जातो. त्याहून मोठं नुकसान सव्वा टनाच्या पुढच्या सेंद्रिय कर्बाचं (पाल्यातल्या कार्बनचं), कारण तेच जिवाणूंचं आणि बुरशींचं खाणं. चमचाभर मातीत हे जीव कोट्यवधींनी असतात, आणि मुख्यतः वरच्या वीतभर थरात. त्यांच्या चिकट स्रावामुळे मातीचे कण एकमेकांना धरून राहतात, मधल्या पोकळीतून पाणी मुरतं, मुळांना हवा मिळते. खाणं तुटलं की ही घडण मोडते. जमीन कडक झाली, वाफसा (पाण्यानंतर मशागतीजोगी ओल) लवकर येत नाही, असं तुम्ही म्हणता ना? त्याचं एक मोठं कारण हेच. त्यात सरी तुडुंब भरून पाणी दिलं की हवेवर जगणारे जिवाणू गुदमरतात आणि दुसरे जिवाणू नत्राचा वायू करून उडवून लावतात.

काहीजण सांगतात, "पाचट ठेवलं, तर खोडवा पिवळा पडला." बरोबर आहे, पडतो. पाचटात एका भाग नत्रामागे कर्ब सत्तरेक भाग असतो. एवढा कर्ब पचवायला जिवाणूंना जास्तीचा नत्र लागतो, आणि तो ते मातीतून उचलतात. पुढे तो पिकाला परत मिळतो, पण सुरुवातीला ऊस उपाशी राहतो.

म्हणून पाचट सरीत दाबा आणि टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट त्यावर पसरा. पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक टनाला १ किलो, ते मात्र शेणखतात मिसळून वेगळं टाका, रासायनिक खतात कालवू नका. मग हलकं पाणी द्या. खोडव्याची पुढची खतं पाचटावर फेकू नका. बुडख्यापासून अर्ध्या वितीवर पहारीने भोक घ्या, खत टाका आणि मातीने बुजवा.