पैसे थांबवण्याआधीची नोटीस

श्रोतेहो, नमस्कार.

'लाभार्थी' हा शब्द मला कधीच रुचला नाही. त्यात पसरलेला हात दिसतो, हक्क दिसत नाही. एके काळी होतंही तसंच. इंग्लंडात १६०१ साली गरिबांसाठी कायदा झाला, पण कोणाला किती द्यायचं हे गावोगावचे कारभारी ठरवत. पुढे १८८३ मध्ये जर्मनीत बिस्मार्कने कामगारांसाठी आजारपणाचा विमा आणला. वर्गणी भरलेल्याला आता हांजी हांजी करायची गरज उरली नाही.

आज बहुतेक ठिकाणी कायदा पात्रता सांगतो आणि उत्पन्नाची मर्यादा, दाखले, मुदती हे सगळं नियमांवर सोडतो. खरी मेख तिथेच असते. कायदा वाचून आलेला माणूस अटी वाचून परत जातो!

मिळण्याइतकाच बंद होण्याचाही कायदा असतो, आणि माझ्या मते तोच जास्त महत्त्वाचा. न्यूयॉर्कमध्ये पूर्वी मदत आधी थांबवत, पूर्ण सुनावणी नंतर. १९७० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हा क्रम उलटा केला: आधी कारणांसह नोटीस, मग माणसाचं म्हणणं ऐकणं, त्यानंतरच निर्णय. ज्या पैशांवर चूल पेटते तेच थांबले, तर माणूस भांडणार कशाच्या बळावर?

ऑस्ट्रेलियात या शतकात उलटंच घडलं. तिथे सरकारी भत्ता पंधरवड्याच्या कमाईवर ठरायचा. संगणकाने मात्र वर्षाची कमाई २६ पंधरवड्यांत सारखी वाटली. सहा महिने नोकरी आणि सहा महिने बेकारी असलेला माणूस घ्या. कागदावर तो वर्षभर कमावताना दिसला, बेकारीत घेतलेला भत्ता जादा ठरला, आणि त्याच्या हाती वसुलीचं पत्र पडलं. चूक नाही हे त्यानेच सिद्ध करायचं, तेही कित्येक वर्षांपूर्वीच्या पगाराच्या पावत्या शोधून. ही पद्धत बेकायदा होती, हे सरकारला २०१९ मध्ये न्यायालयात मान्य करावं लागलं. तोवर लोकांनी पैसे भरले होते.

तेव्हा असं पत्र आलं, की रकमेचा आकडा पाहून घाबरण्याआधी दोन गोष्टी शोधा: कोणत्या नियमाखाली, आणि अपील किती दिवसांत. ही मुदत पत्रावरच्या तारखेपासून की पत्र हाती पडल्यापासून, यावरून पुष्कळदा वाद होतो. म्हणून लिफाफाही जपून ठेवा. पोस्टाचा शिक्का त्याच्यावरच असतो.